व्यायामाची मात्रा

पनवेल आणि औषधाची मात्रा यांचे नाते जुने आहे. १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी या गावात श्री धूतपापेश्वरची स्थापना केली आणि तेव्हापासून येथील खलात घोटलेली भस्मे व येथे संधान केलेली आसवारिष्टे दूरदूरच्या वैद्यांच्या हाती जात राहिली. अशा गावात चिकित्सा करणाऱ्या वैद्याला गुंज म्हणजे किती आणि मासा म्हणजे किती हे वेगळे सांगावे लागत नाही. रसकल्प देताना त्याचा हात आपोआप आवरतो. अनुपान कोणते, काल कोणता, पथ्य कोणते, हे तो न विसरता लिहितो. परंतु याच वैद्याच्या केसपेपरवर अगदी शेवटच्या ओळीत 'नियमित व्यायाम करावा' हे तीन शब्द असतात आणि त्यापुढे काहीही नसते. कोणता व्यायाम, किती, केव्हा, कोठे थांबायचे, याचा पत्ता नसतो. आमच्याही केसपेपरवर तो नव्हता.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बाजारपेठेतील एक व्यापारी आमच्याकडे आले. वय पन्नाशीच्या पुढे, कफप्रधान प्रकृती, पोट सुटलेले, रक्तदाब किंचित वाढलेला, दुपारची झोप आणि रात्रीचे उशिराचे जेवण ठरलेले. दिवसभर गादीवर बैठक. आम्ही मेदोहर गुग्गुळ दिला, अर्जुनाचा क्षीरपाक सांगितला, दुपारची झोप बंद केली आणि 'भरपूर चालावे' असे लिहिले. गृहस्थ आज्ञाधारक होते. तीन आठवडे ते उत्साहाने चालले, हलके वाटू लागले, आणि एप्रिलमधल्या एका रविवारी मुलाच्या मित्रांबरोबर कर्नाळ्याचा किल्ला चढून गेले. पनवेलकरांना तो चढ ठाऊक आहे. अभयारण्याच्या झाडीतून वाट निघते तेव्हा सोपी वाटते. अंगठ्यासारखा सुळका जवळ आला की ती खरा दम काढते. उतरताना त्यांच्या छातीत दडपण आले, डावा हात जड झाला, घाम फुटला. बरोबरच्या मुलांना प्रसंगावधान होते म्हणून ते वेळेत रुग्णालयात पोहोचले. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. पुढे भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने आमचाच केसपेपर आमच्यापुढे ठेवला. आवाज चढलेला नव्हता. "डॉक्टर, गोळीचं लिहिलंत, काढ्याचं लिहिलंत. चालायचं किती ते कुठं लिहिलंय?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन चरक उघडला.

चिकित्सास्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात हृद्रोगाची कारणे सांगताना आचार्यांनी जी यादी दिली आहे, तिचा पहिला शब्दच व्यायाम आहे. त्यामागून तीक्ष्ण द्रव्ये, विरेचन-बस्तीचा अतियोग, चिंता, भय, त्रास इत्यादी येतात. पदवीच्या वर्षी हे सूत्र आम्ही पाठ केले होते, परीक्षेत लिहिले होते आणि मग विसरलो होतो. सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात तर याहून नेमके विवेचन आहे. वातज हृद्रोगाच्या हेतूंत शोक, उपवास आणि रूक्ष-अल्प भोजन यांच्या शेजारी व्यायाम बसलेला आहे. आणि थोडे पुढे कफज हृद्रोगाच्या हेतूंत गुरु-स्निग्ध आहार व निद्रासुख यांच्या पंक्तीला अचेष्टन, म्हणजे हालचाल न करणे, बसलेले आहे. एकाच अध्यायात, एकाच अवयवासाठी, चेष्टा हाही हेतू आणि चेष्टेचा अभाव हाही हेतू! वरवर पाहणाऱ्याला यात विसंगती दिसेल. वैद्याला त्यात मात्रेचा प्रश्न दिसला पाहिजे. आमचा रुग्ण कफज मार्गावर बसलेला होता. आम्ही त्याला तेथून उठवले आणि मात्रा न सांगता रस्त्यावर सोडून दिले.

व्यायामाचा हृदयाला होणारा लाभ वादातीत आहे आणि तो सिद्ध करण्याचा मानकरी एक ब्रिटिश चिकित्सक आहे. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक आणि वाहक, दोघे एकाच गाडीत, एकाच शहराच्या धुरात काम करणारे. चालक दिवसभर बसलेला, वाहक जिना चढ-उतार करून तिकिटे फाडणारा. हृद्विकाराचे प्रमाण चालकांत अधिक आढळले आणि पहिल्याच झटक्यात मृत्यू येण्याचे प्रमाणही त्यांच्यातच अधिक. मॉरिस यांचा प्रामाणिकपणा असा, की तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९५६ मध्ये त्यांनी या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर मुळातच मोठा असल्याचे दिसले. म्हणजे नोकरीने माणूस घडत होता, तसा माणूसही आपल्या घडणीप्रमाणे नोकरी निवडत होता. प्रकृतिविचार शिकलेल्या वाचकांना याचे नवल वाटू नये. पुढील दशकांत इतर व्यवसायांतील मोठ्या पाहण्यांनी श्रमाचा लाभ पुनःपुन्हा दाखवून दिला. आपल्या पनवेल एस.टी. स्थानकावरून आता काही गाड्या विनावाहक सुटतात. बसून राहणारा तेवढा गाडीत उरला, असे आमच्या मनात येऊन जाते.

लाभ कसा होतो हेही आता बरेच उलगडले आहे. नियमित व्यायामाने हृदयाचा स्नायू एका आकुंचनात अधिक रक्त पुढे लोटतो, म्हणून विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात. नाडी मिनिटाला केवळ दहा ठोक्यांनी उतरली तरी दिवसाचे चौदा हजार चारशे ठोके वाचतात. रक्तवाहिन्यांचे अंतःस्तर रक्ताच्या वाढलेल्या वेगाला प्रतिसाद देऊन नायट्रिक ऑक्साइड निर्माण करतात, वाहिन्या सैल होतात, रक्तदाब काही अंशी उतरतो. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतो. वाग्भटांनी व्यायामाच्या फलश्रुतीत लाघव, कर्मसामर्थ्य, दीप्ताग्नी आणि मेदक्षय एकत्र का मांडले, हे या शरीरक्रियेकडे पाहिले की ध्यानी येते.

पनवेल तालुक्यात या विषयाला एक वेगळी धार आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी गावोगावच्या भातजमिनी संपादित झाल्या. ज्या पिढीने गुडघाभर चिखलात आवणी केली, भारे डोक्यावरून खळ्यात आणले, खाडीवर जाळी टाकली, तिची मुले साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडावरच्या इमारतीत लिफ्टने वर जातात. ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. आजोबांच्या पिढीत जो आहार श्रमाने जिरत होता, तोच नातवाच्या शरीरात संतर्पण ठरला. आमच्या ओ.पी.डी.त चाळिशीच्या आत प्रमेह घेऊन येणारा तरुण बहुधा अशा घरचा असतो, आणि 'आमच्या घरात कुणाला नव्हता' हे त्याचे म्हणणे खरेही असते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील लोकांच्या शारीरिक श्रमांची मोजणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ५४.४ टक्के प्रौढ निष्क्रिय गटात होते.

अशा रुग्णासाठी सुश्रुताचार्यांनी प्रमेहचिकित्सेत काय सांगितले आहे, ते पुन्हा वाचण्याजोगे आहे. रोग बळावलेल्याला त्यांनी कुस्ती, हत्ती-घोड्यावरचा सराव, पायी फिरणे असा भरभक्कम कार्यक्रम दिला. निर्धन व एकट्या रुग्णाला मुनिवृत्तीने, एका गावात एकच रात्र राहत शंभर योजने चालावयास लावले. कोणाला शेती, कोणाला विहीर खणणे. आमच्या दृष्टीने यातील खरी गोष्ट शंभर योजनांची नाही. रुग्णाची ऐपत, व्यवसाय आणि घर पाहून प्रत्येकाला वेगळे काम नेमून दिले आहे, ही आहे. लिफ्टने जाणाऱ्या नातवाला आवणीच्या दिवसांत भाच्यांना घेऊन शेतावर जा असे सांगण्यासारखी शेती आता थोडीच उरली. तेव्हा त्याच्यासाठी विहीर कोणती, हे आपणच शोधावे लागते.

मात्रा ठरविण्याचे शास्त्रीय माप अर्धशक्ती हे आहे. बलाच्या अर्ध्यावर थांबावे, हे सर्वांना पाठ असते. अर्धे आले हे ओळखावयाचे कसे, येथे बहुतेकांची गाडी अडते. टीकाकारांनी कपाळ, नाक, काखा आणि सांधे यांवर घाम येणे व तोंड कोरडे पडणे ही लक्षणे दिली आहेत, आणि आम्ही वर्षानुवर्षे रुग्णांना घामाचीच खूण सांगत आलो. कोकणात ही खूण फसते, असा आमचा अनुभव आहे. वैशाखात पनवेलचा माणूस पंख्याखाली बसल्या जागी घामाने निथळतो. पौषात तोच माणूस पहाटे दोन किलोमीटर चालला तरी कपाळ कोरडे. जुन्या मधुमेह्याच्या स्वेदवह नाड्या विकृत झालेल्या असतील तर त्याला पायांवर घाम येत नाही आणि चेहऱ्यावर जेवतानाही येतो. घाम पाहून त्याची मात्रा ठरविणे म्हणजे बिघडलेल्या तराजूवर भस्म तोलणे आहे.

सुश्रुतांची खूण वेगळी आहे आणि ती अधिक विश्वासार्ह आहे. हृदयस्थानी असलेला वायू व्यायाम करताना मुखाकडे येऊ लागला की बलार्ध झाला, असे चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितले आहे. साध्या भाषेत, नाकाने चाललेला श्वास अपुरा पडून तोंड उघडावे लागते, तो क्षण. आधुनिक व्यायामशास्त्रात शिकवतात ती बोलण्याची कसोटी याच्या अगदी जवळची आहे: चालताना पूर्ण वाक्य बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये, हा मध्यम व्यायाम; वाक्य तुटू लागले की तो तीव्र झाला. या खुणेचा आणखी एक उपयोग आहे. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णाची नाडी श्रमानेही पुरेशी वाढत नाही, त्यामुळे नाडी मोजून त्याला मर्यादा आखून देता येत नाही. श्वास मात्र खोटे बोलत नाही. आम्ही आता प्रत्येक रुग्णाला सांगतो, तोंड बंद ठेवून चाला. तोंड उघडावेसे वाटले की वेग कमी करा. हे अडाण्यालाही समजते आणि घड्याळ लागत नाही.

तालमीतले वस्ताद हे जाणत असत. कर्नाळ्याच्या पायथ्याजवळच्या शिरढोणात १८४५ मध्ये जन्मलेले वासुदेव बळवंत फडके पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत घडले. तालमीच्या त्या परंपरेत नवख्या पोराला पहिल्या दिवशी मोजक्याच बैठका मिळत, आणि चढत्या क्रमाने जोर वाढत. तेल मुरवणे आणि मर्दन हे त्या व्यवस्थेचे अंग होते. अभ्यंग, व्यायाम, मर्दन, उद्वर्तन, स्नान हा दिनचर्येतला क्रम तेथे पुस्तकाविना पाळला जाई. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, त्यातही संख्या हळूहळू वाढविण्याचीच दृष्टी होती. आज खारघर-कामोठ्याच्या जिममध्ये प्रवेशशुल्क भरून पहिल्याच संध्याकाळी शंभर उठाबशा काढणारा तरुण तिसऱ्या दिवशी मांड्या सुजवून, गडद तपकिरी मूत्र होते म्हणून घाबरून येतो. हा स्नायुपेशी फुटून वृक्कावर भार पडण्याचा गंभीर प्रकार आहे, त्याला तत्काळ रुग्णालयात पाठवावे. अतिव्यायामजन्य विकारांत चरकांनी रक्तपित्त सांगितले आहे म्हणून येथे घाईने सांगड घालून वासा देत बसण्याचा मोह वैद्यबंधूंनी आवरावा.

ऋतूचाही हिशेब हवा. शीतकाळ आणि वसंत यांत अर्धशक्ती, इतर ऋतूंत त्याहून मंद, हे वाग्भटांचे वचन आपल्या हवामानाला तंतोतंत लागू पडते. ग्रीष्मात दमट हवेमुळे घाम वाळत नाही आणि शरीर निवत नाही. हृदयाला त्वचेकडे रक्त पाठवण्याचे जादा काम पडते. आमच्या व्यापारी रुग्णाने कर्नाळा चढला तो एप्रिल होता, हे येथे आठवावे. पावसाळ्यात तर चालण्यासाठी कोरडा रस्ताच मिळत नाही आणि तीन महिने व्यायाम सुटतो. त्यावर घरातल्या घरात दहा-वीस मिनिटांची आसने, मंद गतीचे सूर्यनमस्कार आणि जेवणानंतरची शतपावली हा आमचा तोडगा आहे. शतपावली हा व्यायाम नव्हे, हे खरे. पण जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालल्याने चढणारी साखर आटोक्यात राहते, हे ग्लुकोमीटर घरी असलेला कोणताही रुग्ण स्वतः पाहू शकतो.

मनाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण हृदय हे चेतनेचे आणि मनाचे स्थान मानणाऱ्या शास्त्राचे आपण अनुयायी आहोत. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेले १५६ विषादग्रस्त रुग्ण होते. काहींना औषध, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. सोळा आठवड्यांच्या अखेरीस तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. औषधाचा गुण आधी दिसला, एवढा फरक. हे वाचून कोणी रुग्णाची मानसरोगाची औषधे बंद करू नयेत. आणि आणखी एक सावधगिरी. पती गेल्यानंतर सहा महिन्यांनी छातीत धडधड होते म्हणून एक भगिनी आल्या होत्या. ईसीजी व इतर तपासण्या निर्दोष. वजन उतरलेले, झोप नाही, सोमवार-गुरुवार-एकादशी असे उपवास चालू, आणि कोणी सांगितले म्हणून पहाटे पाच किलोमीटर चालणे. शोक, उपवास, रूक्षता, व्यायाम: चरकांची वातज हृद्रोगाची यादी चालत दारात आली होती. त्यांचे चालणे आम्ही आधी थांबविले. स्निग्ध आहार, पादाभ्यंग, रात्री दूध, उपवास एकच. महिन्याने संध्याकाळी बहिणीबरोबर पंधरा मिनिटे गप्पा मारीत फिरणे सुरू केले. व्यायाम बलवानाला आणि स्निग्ध भोजन करणाऱ्याला सांगितला आहे, ही अट आपण फार सहज गाळतो.

हृद्विकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाबाबतही आता आपल्याच देशातला पुरावा हाती आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या योग-केअर या चाचणीत देशातील २४ केंद्रांवर ३,९५९ रुग्ण होते. योगाधारित पुनर्वसन मिळालेल्या गटात पुढील झटके व मृत्यू यांत निर्णायक घट सिद्ध झाली नाही. परंतु रुग्णांना आपले आरोग्य सुधारल्याचे जाणवले आणि पूर्वीच्या कामांकडे ते अधिक प्रमाणात परतले. हे दोन्ही भाग सांगणे आपले कर्तव्य आहे. पहिला गाळून दुसराच व्याख्यानातून सांगितला जातो, ते बरे नव्हे.

औषधविक्रेत्या बंधूंशीही दोन शब्द बोलावेसे वाटतात. मेदोहर औषध मागणारे ग्राहक तुमच्याकडे आमच्यापेक्षा अधिक येतात. चालताना छातीत दडपण येते, चढावर जबडा किंवा हात दुखतो, घेरी येते असे कोणी काउंटरवर सहज बोलून गेला, तर बाटली देण्याआधी त्याला तपासणीस पाठवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला चालायला जाताना खिशात साखर ठेवण्यास सांगा. आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ गल्ल्यावर बसणारे तुम्ही स्वतः याच लेखाचे रुग्ण आहात, हे हसण्यावारी नेऊ नका.

आमच्या केसपेपरवर आता औषधांच्या खाली एक वेगळा रकाना आहे. त्यात व्यायामाचा प्रकार, मिनिटे, वेळ, ऋतूप्रमाणे बदल आणि थांबण्याची खूण लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला. तो पल्ला गाठायला अनभ्यस्ताला आम्ही तीन महिने देतो, पहिला आठवडा दिवसाला दहा मिनिटांचा. चाळिशी ओलांडलेला, मधुमेही, रक्तदाबाचा किंवा धूम्रपान करणारा रुग्ण तीव्र व्यायाम करू म्हणाला तर आधी हृद्रोगतज्ज्ञाचे मत. रकाना भरायला चार मिनिटे लागतात आणि प्रतीक्षेतले रुग्ण कुरकुरतात.

ते व्यापारी आजही आमच्याकडे येतात. हृद्रोगतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत, ट्रेडमिल चाचणी होऊन मर्यादा ठरली आहे. सकाळी वडाळे तलावाच्या काठाने तोंड मिटून फेऱ्या घालतात, ओळखीचा कोणी भेटला की बोलून पाहतात. मे महिन्यात फेऱ्या निम्म्या होतात. केसपेपर त्यांच्या पत्नी सांभाळतात आणि दर भेटीत तो रकाना भरला आहे ना, ते आधी पाहून घेतात.